पांचाळांकडे अडकलेल्या बंदुका

१

शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा शेषेराव भोसीकर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची सुटलेली पानं खळीनं चिकटवत होते. पुस्तक त्यांचं नव्हतं आणि पानं त्यांनी सोडवली नव्हती. पण परत देताना ग्रंथपालाला ती आपणच सोडवली असं वाटेल, या धास्तीनं ते सकाळपासून खाली मान घालून बसले होते.

"भोसीकर साहेब," पलीकडून रामलिंग पांचाळांचा आवाज आला. "वही गेली."

"कोणती वही?"

"कामाची. काल संध्याकाळपासून सापडंना. जरा येता का?"

शेषेरावांनी पस्तीस वर्षं जिल्हा कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत काढली होती. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नाही, पण जिल्ह्यातल्या परवान्यांचे नंबर त्यांना नातेवाइकांच्या नावांसारखे पाठ होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. आपल्याला आता कोण विचारतं, असं ते स्वतःलाच समजावत असत. कुणी खरंच विचारलं की मात्र ते लगेच चपला पायात सरकवत.

पांचाळांचं दुकान नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत होतं. बंदुका दुरुस्त करणारा पंचक्रोशीत हा एकच माणूस. त्याची कीर्ती दोन गोष्टींसाठी होती. हात सोन्याचा, आणि काम गोगलगायीचं. पांचाळाकडं बंदूक टाकली की म्हैस दोनदा विते, पण बंदूक काही घरी येत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. पांचाळ ते ऐकून घेत आणि कानस चालवत राहत.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. आठ गिऱ्हाइकांनी सह्या करून वर अर्ज दिला होता. बंदुका वर्षानुवर्षं अडकवून ठेवल्या जातात, सबब परवाना रद्द व्हावा, असा. बुधवारी सगळ्यांना नोटिसा पोचल्या. सोमवारी अकराला दुकानातच सुनावणी होती.

शेषेराव पोचले तेव्हा चौकशी अधिकारी, नायब तहसीलदार दामिनी, तिथे आधीच आली होती. दहा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागली होती. फाईल बांधायची गाठ तिला त्यांनीच शिकवली होती.

"या काका. हे बघा." तिनं सरकारी रजिस्टर पुढे केलं. त्यात दोनच रकाने महत्त्वाचे होते. बंदूक कधी आली, कधी गेली. "ही तीन वर्षांपूर्वी आली. ही दोन वर्षांपूर्वी. ही मे महिन्यात. गेल्याची तारीख एकापुढंही नाही. मी म्हटलं, काम कधी झालं ते तरी दाखवा. तर म्हणतात ते कामाच्या वहीत आहे, आणि वही नेमकी हरवली."

"मी न्हाई लपवली, बाई," पांचाळ म्हणाले.

"मग कुणी? चोराला वही घेऊन काय करायचंय? शेजारी बंदुका आहेत." तिनं पिशवी उचलली आणि दारात जाऊन आवाज खाली आणला. "काका, तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून सांगते. सोमवारी अकराला वही नसली तर मला दुकानाला सील लावावं लागेल."

२

दामिनी गेली. पांचाळ स्टुलावर बसून राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. सील लागलं की पुन्हा परवाना मिळायला या वयात किती वर्षं गेली असती, हे दोघांनाही माहीत होतं.

"वहीत काय लिहिता तुम्ही?" शेषेरावांनी विचारलं.

"बिघाड काय होता, काय केलं, कवा झालं. मंग मालकानं येऊन बंदूक बघायची अन् खाली सही करायची. पाहिली, ठीक आहे. आमच्या उस्तादाची रीत हाय ती."

"काल कोण कोण आलं होतं?"

"तिघायची गाठ पडली. सकाळी लातूरचे ईश्वरप्पा, दालमिलवाले. दुपारी कंधारचे अमृतराव. चार वाजता मुदखेडचा व्यंकटी, फौजी. त्याची बायको रुक्मिणबाई संगं होती. अर्ज तिच्याच हातचा हाय. व्यंकटी बाहेर गाडीपाशी उभा ऱ्हायला, बाईच आत येऊन बोलली. लई बोलली." ते जरा थांबले. "तिघांच्याही वक्ताला मी पाणी आणाया आत गेलो होतो. वही इथंच, फळीवर."

शेषेरावांनी भिंतीकडे पाहिलं. लोखंडी जाळीच्या कपाटात बंदुका उभ्या होत्या आणि त्यांच्या चापाच्या कड्यांतून एकच साखळी ओवलेली होती. डाव्या अंगाला एक बंदूक, लाकडी दस्ता काढून ठेवलेली. उजव्या अंगाला आठ. त्या आठही तेल पाजलेल्या फडक्यात नळीपासून दस्त्यापर्यंत गुंडाळलेल्या होत्या, आणि फडक्यांवर धुळीचा थर होता.

मनात आलेली गोष्ट इतकी सोपी होती की ती चूकच असणार, असं त्यांना वाटलं.

"पांचाळ, अर्धवट काम राहिलेली बंदूक कुणी अशी बांधून ठेवतं का?"

पांचाळांनी फडक्यानं हात पुसले.

"या तयार आहेत."

"हाव."

"आठही?"

"हाव."

"कधीपासून?"

"ते वहीत हाय," पांचाळ म्हणाले. त्या परिस्थितीतही शेषेरावांना हसू येता येता राहिलं.

"अहो, मग दामिनीला हे का नाही सांगितलं?"

"जबान दिली हाय, साहेब. एकेकाला. त्याच्यापुढं मला इचारू नका."

शेषेराव गल्लीत आले. काल नाहीशी झालेली वही पांचाळांना बुडवणारी नव्हती. ती त्यांना वाचवणारी होती. आणि तिच्यातल्या सह्यांनी जर कुणाची अडचण होणार असेल, तर ती अर्जावर सह्या करणाऱ्यांचीच.

३

कंधारची एसटी दुपारी मिळाली. अमृतरावांचं घर गावाबाहेर, किल्ल्याच्या वाटेला होतं. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, डोक्याला पांढरा पटका. ओसरीवर बायको, दोन सुना आणि शेजारचे तिघेजण बसले होते. बंदुकीचा विषय निघताच अमृतरावांनी आवाज चढवला.

"तीन वर्सं झाली, साहेब. तीन. घोडा अडकत होता, तेवढंच काम. धा खेपा मारल्या. आज देतो, उद्या देतो. इकडं डुकरांनी हरभरा नांगरल्यावानी केला, अन् आमची बंदूक तिकडं नांदायला गेल्यावानी बसलीय."

"नवऱ्याला सोडून आलेल्या लेकीला बी तीन वर्सांत माघारी धाडत्यात लोकं," शेजारी म्हणाला, आणि सगळे हसले.

शेषेराव चहा पिऊन उठले आणि म्हणाले, "जरा शेत दाखवता का?"

बांधावर पोचल्यावर त्यांना पुढे काय विचारावं ते सुचेना. ते चप्पल झाडत उभे राहिले. शेवटी अमृतरावच बोलले.

"पांचाळानं सांगितलं का तुमाला?"

"नाही. ते बोलत नाहीत."

"बोलणार न्हाई त्यो." अमृतराव खाली बसले. "गावातल्या चौघांच्या पिकासाठी मी रातच्याला जागलीला जायचो. एक डुकरीण मारली. सकाळी बघतो तर तिची सहा पिल्लं तिच्या भवती. हाकललं तरी जाईनात. ऊन चढंस्तोवर मी हितंच बसून होतो. त्याच्यावर मला ती बंदूक धरवंना. आता गावाला काय सांगू? अमृतरावाला डुकराच्या पिलांची दया आली म्हनून? पोरंसुद्धा हसतील. पांचाळाला म्हनलं, ठेव तुझ्याकडं, अन् म्या कितीबी बोंब मारली तरी देऊ नको."

"मग अर्जावर सही?"

"ती बाई दारात आली. बायकोच्या, सुनांच्या समोर कागद धरला. तुमची बी अडकलीय ना, मंग करा सही. न्हाई कसं म्हनू?" त्यांनी गवताची काडी मोडली. "अन् खरं सांगू का, माझं येगळं हाय. पर पांचाळानं बाकीच्यायचं लई हाल केलं. त्यो मुदखेडचा फौजी, त्याची तर बँकेतली नोकरी गेली की. त्याच्यासाठी केली सही."

वहीबद्दल विचारलं तेव्हा अमृतरावांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. "घ्यावी असं मनात आलं होतं. फळीपस्तोर गेलो बी. हात झाला न्हाई."

परतीच्या गाडीत शेषेराव विचार करत राहिले. हा माणूस खरं बोलत होता असं त्यांना वाटलं. पण त्यांना सगळीच माणसं खरं बोलतात असं वाटत असे, म्हणून त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता.

४

शनिवारी लातूर. ईश्वरप्पांच्या दालमिलमध्ये तुरीची धूळ उन्हात तरंगत होती. ईश्वरप्पा गादीवर बसून फोनवर बोलत होते. शेषेरावांना बघताच त्यांनी फोन ठेवला आणि तिघा मुनिमांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"दस्त्याला तडा गेला होता, साहेब. एवढासा. आमच्या वडलांची दुनळी. दोन वर्षं झाली. मी नांदेडला जाऊन जाऊन बेजार झालो. एवढ्यात तर माणूस नवीन झाड लावून त्याचा दस्ता करंल."

गोदामात, पोत्यांच्या आड गेल्यावर मात्र आवाज खाली आला.

"कुणाला बोलू नका, साहेब. मला ती बंदूक बघितली की घाम फुटतो. वडील गेल्यावर साफ करायला घेतली अन् उडाली. गच्चीवरच्या टाकीला भोक. घरभर पाणी. बायको अजून त्या दिवसाला आमचा जलाभिषेक म्हणते. तरी हसण्यावारी गेलं. पण त्याच जागी पाच मिनिटं आधी माझी नात खेळूलाली होती."

"मग पोलिसांत जमा का नाही केली?"

"वडलांची बंदूक? भावकी काय म्हणंल? ईश्वरप्पाला झेपली नाही म्हणून टाकून आला. त्यापेक्षा पांचाळ देईना म्हणलेलं बरं." मग त्यांनी शेषेरावांचा दंड धरला. "पण मी एकटाच बरं का असा. बाकीचे बिचारे खरंच तरसूलालेत. ते कंधारचे अमृतराव, तीन वर्षं. डुकरं पीक खाऊलालेत त्यांचं. गुरुवारी मी पांचाळाला तेच सांगायला गेलो, की माझी ठेव, पण त्यांची तरी देऊन टाक."

"ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चहा घ्या म्हणाले."

एसटीत बसल्यावर शेषेरावांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि दोघांची वाक्यं जशीच्या तशी लिहून काढली. ती वाचताना त्यांना चमत्कारिक वाटलं. दोघेही एकच खोटं बोलत होते. आणि दोघांनाही वाटत होतं की असं खोटं बोलणारे आपण एकटेच, बाकीच्यांचं रडगाणं खरं. कदाचित आठही जणांना तसंच वाटत असेल. पांचाळांनी एकाचं गुपित दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं, आणि त्याच मौनाखाली ते आता चिरडले जात होते.

पण वही कुणी नेली, ते यातून कळत नव्हतं. उरलं मुदखेड.

५

रविवारी व्यंकटी घरीच होता. सैन्यातून निवृत्त झालेला, चाळिशीतला, ताठ पाठीचा माणूस. लातूरच्या एका बँकेत तो स्वतःची बंदूक घेऊन पहारेकरी म्हणून लागला होता. मे महिन्यात बंदुकीची स्प्रिंग मऊ पडली, ती पांचाळांकडे गेली, आणि बंदुकीशिवायचा पहारेकरी बँकेनं किती दिवस ठेवायचा? महिन्याभरात नोकरी गेली.

"माझं वाटोळं केलं त्या माणसानं," व्यंकटी म्हणाला. "एका स्प्रिंगीसाठी सहा महिने. फौजेत असता तर कोर्टमार्शल झालं असतं त्याचं. गेलं की म्हणायचा, बसा, पाणी घ्या. अरे, मी पाणी प्यायला येऊन राहिलो का तुझ्याकडं?"

रुक्मिणबाई चुलीपाशी अंबाडीची भाजी निवडत होती. बारावी शिकलेली, हात भरभर चालणारा. आठ गावं हिंडून सह्या गोळा केलेली बाई हीच. गुरुवारी तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला होता, असं पांचाळ म्हणाले होते. शेषेरावांनी तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यायची मनाची तयारी केली होती.

ती काहीच बोलली नाही. नवरा बोलू लागला तसा तिचा हात थांबला. कोर्टमार्शल म्हणताना तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"सांग की साहेबांना," व्यंकटी म्हणाला. "अर्ज तर तूच लिहिलास."

"काय सांगायचं," ती म्हणाली. "बंदुका जिथल्या तिथं हायत. त्या आठांत घाई कुणाला हाय?"

"घ्या." व्यंकटी हसला. "घरात वाघ अन् बाहेर शेळी म्हणतात, हिचं उलटंच."

"साहेब," ती एकदम म्हणाली, "दिलेला अर्ज मागं घेता येतो का?"

"येतो," शेषेराव म्हणाले. पस्तीस वर्षांचं उत्तर आपोआप बाहेर पडलं. "पण कारण लिहावं लागतं."

तिनं निवडलेली भाजी उचलली आणि ती आत गेली. व्यंकटीनं खांदे उडवले. शेषेरावांनी निरोप घेतला.

मुदखेड जंक्शनच्या बाकावर बसून त्यांनी डायरी उघडली. अमृतराव म्हणाले, माझं येगळं, बाकीच्यायचं हाल. ईश्वरप्पा म्हणाले, मी एकटाच असा. त्यांनी तिसरं वाक्य लिहिलं आणि पेन्सिल हवेतच राहिली.

आठांत घाई कुणाला हाय.

आपली बंदूक तयार आहे हे ज्याचं त्याला माहीत होतं. आठही तयार आहेत, आणि आठांपैकी कुणालाच ती नको आहे, हे फक्त तिघांना ठाऊक असू शकत होतं. पांचाळांना. कपाट पाहिलं म्हणून शेषेरावांना. आणि ज्यानं ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, त्याला.

व्यंकटीला ते ठाऊक नव्हतं. तो अजून त्याच जुन्या सुरात ओरडत होता. मग राहिलं एकच माणूस.

गाडी आली. लोक चढले. आपण म्हातारपणी पुस्तकं वाचून नसती भुतं उभी करतो, असं शेषेरावांनी स्वतःला बजावलं. कदाचित बाई नुसती दमली असेल. एका बाईवर चोरीचा आळ घ्यायचा आणि तो चुकीचा निघायचा, या कल्पनेनंच त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गार्डानं शिट्टी दिली.

गाडी निघून गेली तेव्हा ते बाकावरच होते.

६

रुक्मिणबाई घरी नव्हती. पिठाच्या गिरणीत गेली, असं शेजारणीनं सांगितलं. गिरणीच्या घरघरीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. दारात आपला डबा धरून ती उभी होती. शेषेरावांना पाहून तिनं पदर सावरला.

"बाई, मी चुकत असेन तर माफ करा," शेषेराव म्हणाले. त्यांना तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा ते घरघरीत बुडालं. "गुरुवारी पांचाळ पाणी आणायला आत गेले, तेव्हा तुम्ही पुरावा म्हणून ती वही घेतलीत. तुम्हाला वाटलं, यात त्याची दिरंगाई लिहिलेली असणार. घरी येऊन उघडलीत, तर भलतंच निघालं."

तिनं नकार दिला नाही. डबा खाली ठेवला.

"कसं कळलं?"

"बाकीचे सगळे दुसऱ्यांची कीव करतात. तुम्ही कुणाचीच केली नाहीत."

गिरणी थांबली. गिरणीवाला छिन्नीनं जात्याच्या दगडाला टाकी लावायला बसला, म्हणून तिनं आवाज खाली आणला. "मे महिन्याची अकरा तारीख. पाहिली, ठीक आहे. खाली त्याची सही. चार दिसांत झालती, साहेब. पांचाळानं चार दिसांत केलती." तिनं पदराच्या टोकानं डोळे नाही, हात पुसले. "मी दारोदार गेले. लोकायच्या बायकांपुढं त्यायला सह्या करायला लावल्या. एका भल्या माणसाचं दुकान बंद पाडाया. अन् त्यो दुकानात माझ्या शिव्या खाऊन पाणी आणाया आत गेला."

"व्यंकटरावांना विचारलंत?"

"न्हाई. चार दिस झाले. समोर बसला की वाटतं इचारावं. पर काय सांगंल? त्यानं खोटं काहून केलं ते मला ठाव न्हाई, अन् ठाव करून घ्यायचं भ्याव वाटतं. दुसरी बाई असंल, दारू असंल, काय असंल." मग तिनं शेषेरावांकडे रोखून पाहिलं. "वही चुलीत घातली तर?"

"तर उद्या व्यंकटरावांचं नाव झाकलं जाईल," शेषेराव म्हणाले. "आणि पांचाळांचं दुकान जाईल. ते काही बोलणार नाहीत. त्यांनी जबान दिली आहे."

"अन् तुमी? तुमी सांगताल का बाईसाहेबाला?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वाटेत येताना तयार केलं होतं. ते आता त्यांना आठवेना.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तुमच्याकडे आधी आलो, एवढंच."

तिनं डबा उचलला आणि पीठ न घेताच ती चालू लागली.

७

सोमवारी अकराला पांचाळांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ सह्यांपैकी सहाजण आले होते. अमृतराव आणि ईश्वरप्पा एकाच बाकड्यावर, एकमेकांना सहानुभूतीनं जागा देत बसले होते. व्यंकटी दाराला टेकून उभा होता, रुक्मिणबाई त्याच्या मागे. तिच्या हातात कापडी पिशवी होती. शेषेरावांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सांगावं की सांगू नये, याचा निकाल त्यांच्याच्यानं लागला नव्हता.

दामिनीनं सरकारी रजिस्टर वाचून दाखवलं. मग पांचाळांना विचारलं, "कामाची वही?"

"न्हाई सापडली."

"या बंदुका इतके दिवस का अडकल्या, याचं काही कारण?"

पांचाळांनी जमलेल्या गिऱ्हाइकांकडे एकदा पाहिलं. सहाही माना खाली होत्या. "मला काही सांगायचं न्हाई, बाई."

दामिनीनं सुस्कारा सोडला आणि सीलचं सामान काढायला शिपायाला खूण केली. शेषेराव उठले. तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत त्यांच्या अंगावरून एक हात पुढे गेला आणि फळीवर कापडी बांधणीची लांबट वही आपटली.

"ही घ्या," रुक्मिणबाई म्हणाली. "मी नेलती. अर्ज बी माझा. त्यो मागं घेते."

दामिनी वही चाळू लागली. एक पान, दुसरं पान. तिच्या कपाळावरची आठी आधी गडद झाली, मग नाहीशी झाली.

"अमृतराव कंधारकर, आठ दिवसांत तयार. पाहिली, सही. ईश्वरप्पा, पाच दिवसांत तयार. पाहिली, सही. पुढचेही तसेच." तिनं वही मिटली. "म्हणजे एकाही बंदुकीला दिरंगाई झालेली नाही?"

ईश्वरप्पांनी हळूहळू मान वळवली. "अमृतराव, तुमचीबी?"

"अन् तुमची?" अमृतराव म्हणाले. "मी तर तुमच्यासाठी हळहळत होतो की."

"मी काय गंमत करूलालतो? दोन वर्षं तुमच्या हरभऱ्याचं दुःख करून राहिलो मी."

बाकड्यावर कुणीतरी खाकरलं, आणि कुणीतरी हसू दाबलं. पांचाळ जमिनीकडे बघत होते, जणू तेच पकडले गेले होते.

दामिनी हसली नाही. "बाई, तुम्ही अर्ज लिहिलात. तुमच्या मालकांची सही या वहीत मे महिन्याची आहे. मग हा अर्ज खोटा का केलात? मागं घेताय, तर कारण लिहावं लागेल."

रुक्मिणबाईनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "माझ्याकडून चूक झाली, एवढं लिवा," ती म्हणाली. "मला नीट कळलं न्हाई."

"तिला काहून इचारता," दारातून आवाज आला. व्यंकटी पुढे आला होता. त्याची पाठ ताठ होती, पण हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. "तिची काही चूक न्हाई. मी खोटं बोललो तिच्याशी."

त्यानं सगळ्यांना उद्देशून सांगितलं, पण बघत होता फक्त बायकोकडे.

"बँकेत पेन्शनची रांग होती. आदल्या दिवशी साहेबानं सांगितलं होतं, दोन गावांत दरोडा पडला, डोळ्यांत तेल घालून उभा ऱ्हा. एका म्हातारीनं लुगड्याच्या ओच्यातून झटकन काहीतरी काढलं. मी बंदूक रोखली. छऱ्याची, भरलेली. बोट चापावर होतं. तिच्या हातात पानाची चंची होती. बघणारे हसले. म्हातारी हसली न्हाई. ती खाली बसली अन् तिचं लुगडं भिजलं." तो थांबला. "सतरा वर्सं फौजेत काढली. काही झालं न्हाई मला. त्या दिवसापास्नं बंदूक उचलली की हात थरथर कापतो. स्प्रिंग नुसतं निमित्त होतं. पांचाळकाकाला म्हणलं, झाली तरी देऊ नका. हिला कसं सांगू? हिनं गावभर सांगितलं होतं, माझा नवरा भ्यायला शिकलाच न्हाई म्हणून."

दामिनीनं पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"वही नेली म्हणजे चोरी होते, बाई," ती जरा वेळानं म्हणाली.

"चोरी कशाची," पांचाळ पहिल्यांदाच घाईनं बोलले. "मीच त्यायला वाचाया दिली असंल. म्हातारपणात इसरायला होतं."

शेषेरावांनी पांचाळांकडे पाहिलं. खोटं बोलताना या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या, अगदी त्यांच्यासारख्याच.

"असं," दामिनी म्हणाली आणि लिहू लागली. परवाना कायम. दुरुस्तीच्या नावाखाली तयार बंदुका ठेवून घेतल्याबद्दल पांचाळांना लेखी समज. "तुमच्याकडे सांभाळायला ठेवायचाही परवाना आहे, मग हे लपवाछपवीचं काम कशाला? ज्यांना बंदूक घरी नको, त्यांनी तसं लिहून द्या. स्वखुशीनं जमा करतो, एवढंच. कारण विचारणार नाही. पण ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं."

बाकड्यावर चुळबुळ झाली. आधी ईश्वरप्पा उठले. भावकीला मी बघून घेतो, असं पुटपुटत त्यांनी कागद ओढला. अमृतरावांनी त्यांच्या खांद्यावरून बघून बघून आपला लिहिला. व्यंकटीनं सर्वांत शेवटी लिहिला. त्याची सही वाकडी आली, त्यानं ती पुन्हा केली नाही.

"साक्षीदार लागेल," दामिनी म्हणाली. "काका, तुम्ही करता?"

शेषेराव पेन शोधू लागले. त्यांना ते नेहमीप्रमाणे सापडेना. तेवढ्यात रुक्मिणबाईनं कागद आपल्याकडे वळवून घेतला.

"मी करते," ती म्हणाली. "चालतं ना?"

"चालतं."

तिनं नवऱ्याच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. दामिनीनं कागद घेतला, वाचला, फाईलमध्ये लावला. पांचाळ पाणी आणायला आत गेले. दारात रुक्मिणबाई पायताण घालताना थांबली आणि व्यंकटीला विचारू लागली. आवाज हळू होता, पण शेषेराव तिथेच उभे होते, म्हणून त्यांना ऐकू आलं.

"ती म्हातारी कुठं ऱ्हाती, ठाव हाय का?"

"लातूरलाच. बँकेच्या मागच्या गल्लीत."

"गेलतास का तिच्याकडं?"

व्यंकटीनं मान हलवली. नाही.

"मंग चल," ती म्हणाली. "बाराची लातूरची गाडी सापडंल."